मंगळवार कोणाचा?

(आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी फोन करून सांगितले, "काका, वीस मिनिटे बोला. विषय तुमच्या मनाचा घ्या, पण कंटाळवाणा नको." ज्याचे सारे आयुष्य बँकेत व्याजाचे आकडे मांडण्यात गेले, त्याला ही अट जरा जडच आहे. तरी प्रयत्न करतो.

विषय मी निवडला आहे तो गरिबाघरच्या मुलांच्या वसतिगृहांचा. आपण ज्याला बोर्डिंग म्हणतो त्याचा. आता काही जण म्हणतील, पंचवीस वर्षांच्या आनंदसोहळ्यात हे कुठून काढले? तर त्याला कारण आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आपल्या सभागृहाचा विषय आहे. आपले हे सभागृह संध्याकाळी शेजारच्या वस्तीतील मुलांच्या अभ्यासासाठी उघडावे की नाही, असा तो विषय. त्यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलून झाले आहे. पायरीवर, चहाच्या टपरीवर आणि मोबाईलच्या ग्रुपवर तर फारच. मी आज निर्णय सांगायला उभा नाही. पण निर्णय घेण्याआधी हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात याआधी कोणी कसा सोडवला, ते समोर ठेवावे असे वाटले.

आधी आपल्या राजूरबद्दल. राजूर हे गाव आहे की शहर? कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून गाव. जनगणनेत मात्र आपली नोंद शहरांच्या यादीत होते. आणि ते बरोबरच आहे. कारण गाव म्हटले की शेत आले, गोठा आला, चार पिढ्यांचा वाडा आला. आपल्याकडे आले काय? कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. कामासाठी माणसे आली ती तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आणि आपल्याच वऱ्हाडातून. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी झाली, आणि ज्यांची नोकरी पक्की झाली त्यांची पोरे शिकली. आज इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी त्याच पगारावर वाढलेले आहेत. पण ज्यांची नोकरी कधी पक्की झालीच नाही, जे ठेकेदाराच्या हाताखाली राहिले, भट्टीवर राहिले, ट्रक भरत राहिले, त्यांची पोरे कुठे आहेत? ती आपल्या कुंपणापलीकडे आहेत. शेत नाही, वाडा नाही, आजी-आजोबा दूर कुठल्या तरी मुलखात. गावात राहून शहरी गरिबी म्हणतात ती हीच.

या मुलांना शाळा नाही असे नाही हो. शाळा आहे. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळू लागले. पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. मग अडते कुठे?

मी बँकेत होतो तेव्हा भट्टीवर काम करणारी एक बाई बचत गटाच्या कामाने यायची. मी तिला एकदा सहज विचारले, "पोरगा अभ्यास करतो का?" ती म्हणाली, "साहेब, अभ्यास कराले बसाची जागा कोठी हाय?" मग तिने हिशेब सांगितला. खोली एक. नवरा रात्रपाळीहून आला की दिवसा झोपणार, म्हणून पोराने बाहेर राहायचे. संध्याकाळी चूल, धूर, लहान बहीण कडेवर. रात्री शेजारच्या घरात भांडण. दिवा एकच. तिने तक्रार केली नाही, नुसते सांगितले. मला त्या दिवशी कळले की खेड्यातल्या गरीब मुलासाठी शाळा लांब असते, आपल्याकडच्या गरीब मुलासाठी शाळा जवळ आहे, पण संध्याकाळ फार लांब असते.

हा फरक मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्याकडची बहुतेक सगळी वसतिगृहे पहिला प्रश्न सोडवण्यासाठी निघाली. गाव लांब, हायस्कूल तालुक्याला, मग मुलाने राहायचे कुठे आणि खायचे काय?

जुन्या काळात याचे उत्तर होते वार लावून जेवणे. इथल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे, तरुणांसाठी सांगतो. शिकायला आलेला गरीब विद्यार्थी सात घरे धरायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी. कोणी माधुकरी मागायचे. पुण्याचे अनाथ विद्यार्थी गृह १९०९ साली निघाले ते अशाच मुलांसाठी. पुढे तेच पुणे विद्यार्थी गृह झाले.

या वाराच्या पद्धतीत एक फार मोठा दोष होता आणि एक फार मोठा गुण होता. दोष असा की हे दार जात पाहून उघडायचे. ज्याच्या जातीत वार देणारी घरे होती त्याचेच पोर शिकले. बाकीच्यांना ओसरीसुद्धा मिळाली नाही, मग ताट कुठले? आणि गुण असा की मंगळवार म्हणजे मंगळवार. ज्या घराने मंगळवार घेतला, त्या घरात त्या दिवशी पुरणपोळी असो की नुसती भाकर-भाजी, त्या पोराचे पान वाढले जायचे. त्या घराला 'आज मूड नाही' म्हणायची सोय नव्हती. हा गुण तुम्ही लक्षात ठेवा, मी शेवटी पुन्हा त्यावर येणार आहे.

दोष कोणी काढला? आधी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी. १९०१ साली त्यांनी मराठा मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथून पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मुले, अशी एकेका समाजासाठी वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. कोल्हापुरात शिकायला ये, राहायची सोय आहे, हे पहिल्यांदा सगळ्या जातींच्या पोरांना ऐकायला मिळाले.

त्याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला एक मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. त्यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. महाराजांनी प्रत्येकाला आपापले छप्पर दिले होते, भाऊरावांनी सगळ्यांना एकाच छपराखाली आणले. एकच चूल, एकच पंगत, आणि स्वयंपाक, झाडलोट, शेतातले काम मुलांनीच करायचे. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव दिले गेले.

ही झाली सभेत सांगायची गोष्ट. पण मला बँकवाल्याला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वसतिगृहात धान्य संपले, पोरे उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपण हे ऐकतो, डोळे पुसतो आणि टाळ्या वाजवतो. पण जरा विचार करा, त्या माउलीवर ही वेळ का आली? साताऱ्याला कौतुक करणारे कमी नव्हते. कमी होते ते दर आठवड्याला धान्य पोचवणारे. म्हणूनच त्या काळच्या वसतिगृहांनी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने रोज दळण-कांडण करताना एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे. एक मूठ म्हणजे काहीच नाही. पण रोज. त्या मुठीने पोरे शिकली.

आपल्या विदर्भातही ही वाट होती. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा सुरुवातीच्याच कामांमध्ये एक काम होते सोलापूरचे वसतिगृह. ते १९२५ साली सुरू झाले. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे शहर. एवढ्या मोठ्या माणसांना सुरुवातीला सभा-संमेलनापेक्षा पोरांच्या राहण्याची आणि जेवणाची सोय महत्त्वाची वाटली, ही नोंद घेण्यासारखी आहे.

आता अलीकडचे. शहरातल्या गरीब मुलाचा प्रश्न वेगळा आहे हे ओळखून कोणी काम केले का? केले. मुंबईत कामाठीपुऱ्यात देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांची मुले आहेत. त्यांना दिवस कसाबसा निघतो, खरी अडचण रात्रीची. ज्या वेळी मुलाने आईच्या कुशीत झोपायचे, त्याच वेळी त्याला खोलीबाहेर काढावे लागते. 'प्रेरणा' या संस्थेने १९८८ साली तिथे रात्रीचे केंद्र सुरू केले. मुले संध्याकाळी येतात, जेवतात, अभ्यास करतात, झोपतात आणि सकाळी शाळेत जातात. आईपासून तोडले नाही, फक्त ज्या वेळेत धोका होता तेवढी वेळ झाकली. ज्या मुलांना तेवढ्याने भागत नव्हते, त्यांना पुढे पूर्णवेळ वसतिगृहात पाठवले.

बीडकडच्या ऊसतोड कामगारांचा प्रश्न आणखी वेगळा. आईबाप हंगामाला कारखान्यावर जातात, सहा-सहा महिने घर बंद. पोराला सोबत नेले की शाळा गेली. म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहे सुरू केली. मूल गावातच, गावच्याच शाळेत, हंगामापुरती जेवणाखाण्याची सोय.

आणि तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा गाव आहे. तिथे मतीन भोसले यांनी २०१२ साली 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा सुरू केली. ते स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, पक्की नोकरी सोडली. रेल्वे स्टेशनवर, सिग्नलवर भीक मागणारी आपल्या समाजाची मुले त्यांनी शोधून आणली. या मुलांना संध्याकाळपुरती जागा देऊन भागणार नव्हते. त्यांना घरच नव्हते. म्हणून तिथे चोवीस तासांची सोय लागली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेची काही बांधकामे गेली, तरी मुले टिकवून ठेवण्याची धडपड थांबली नाही.

तर मंडळी, या तीन उदाहरणांतून मला एक हिशेब दिसतो. बँकेत कर्ज मागायला माणूस आला की आम्ही आधी विचारायचो, गरज किती आणि किती मुदतीची? बैलजोडीला वेगळे कर्ज, घराला वेगळे, पेरणीला वेगळे. पेरणीसाठी वीस वर्षांचे कर्ज देणारा आणि घरासाठी सहा महिन्यांचे देणारा, दोघेही बँक बुडवणार आणि गिऱ्हाईकही बुडवणार. मुलांचेही तसेच आहे. या मुलाला दिवसातले, वर्षातले कोणते तास कमी पडतात ते आधी पाहा. एखाद्याला रात्र कमी पडते, एखाद्याला सहा महिने, एखाद्याला सगळेच. आणि आपल्या कुंपणापलीकडच्या बहुतेक पोरांना कमी पडतात ते संध्याकाळचे तीन तास.

हे मी एवढे ठासून का सांगतो? कारण गरीब मूल दिसले की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या तोंडी पटकन येते, 'टाका कुठल्या तरी बोर्डिंगात, सुटेल बिचारे.' टाका! सामान आहे का ते? आई रोज बारा तास राबून ज्या पोरासाठी भाकर कमावते, ते पोर तिच्यापासून तोडून आपण तिच्यावर उपकार करतो, असे समजू नका. आपला कायदाही हेच सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे तत्त्व असे आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. आधी कुटुंब, नातेवाईक, मग बाकीचे. आपल्या राज्यात सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेलेले, आजारी असलेले, अशा मुलाला घरीच ठेवून वाढवायला त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयामार्फत अर्ज होतो. आपल्या आजूबाजूला अशी एक जरी आई असेल, तर तिला फॉर्म भरून देणे हे मोठे काम आहे. फॉर्म भरायला मी तयार आहे, चष्मा लावून का होईना.

ज्याला खरोखरच वसतिगृहाची गरज आहे, त्याच्यासाठीही सोयी आहेत. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आणि आश्रमशाळा आहेत. आपल्या वणी-मारेगाव-झरी भागातल्या कोलाम आणि गोंड घरांतली कितीतरी मुले तिथूनच शिकली. मुलींसाठी २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना आहे. शहरातल्या बेघर, निराधार मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानात नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने निवासी विद्यालयांची तरतूद आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर कॉलेजच्या मुलांना स्वाधार आणि स्वयम् या योजनांतून खात्यावर पैसे मिळतात. दहावी-बारावीचा निकाल लागला की अर्जाची तारीख चुकवायची नाही, एवढेच.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. कोणी गाडी घेऊन येतो, गोड बोलतो, 'तुमच्या पोराला फुकट शिकवतो, पुण्याला नेतो, मुंबईला नेतो' म्हणतो. बाया बिचाऱ्या भुलतात. अशा वेळी तीन प्रश्न विचारायचे. संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? मूल बाल कल्याण समितीसमोर नेले जाणार का? आणि आईने कधीही जाऊन भेटावे, फोन करावा, याला ना तर नाही ना? तिसऱ्या प्रश्नावर जो माणूस अडखळला, त्याच्या गाडीत पोर बसवायचे नाही. शंका आली तर १०९८ हा नंबर आहे, मुलांच्या हेल्पलाईनचा. फोन फुकट लागतो. हा नंबर आपल्या सभागृहाच्या भिंतीवर लिहून ठेवा, ही माझी संचालक मंडळाला विनंती.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. नोकरीत बदल्या फार झाल्या. एका गावी असताना गरीब मुलांच्या एका छोट्या वसतिगृहाचे खाते आमच्या शाखेत होते. नाव सांगत नाही. त्यांचे लेखापरीक्षण जवळ आले की मी त्यांना वर्षाचा खातेउतारा काढून द्यायचो. तो उतारा वाचून माणसाला बरेच कळते. जमेची बाजू अशी. पंधरा ऑगस्टला रक्कम. पितृपक्षात रक्कम. दिवाळीत चांगली रक्कम, वर फराळ आणि कपडे. सव्वीस जानेवारीला रक्कम. मधूनमधून कुणाचा वाढदिवस, कुणाच्या आईचे वर्षश्राद्ध. आणि नावेची बाजू? दर महिन्याला तीच. किराणा, दूध, गॅस, वीज, स्वयंपाकीण बाईचा पगार. फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमक्या परीक्षेच्या दिवसांत, खाते तळाला जायचे. तिथले अधीक्षक एकदा मला म्हणाले, "साहेब, दिवाळीत पोरं लाडू खाऊन कंटाळतात आणि होळीच्या आधी वरण पातळ होतं." दान कमी नव्हते. वर्षाची बेरीज काढली तर भागण्यासारखे होते. पण ते देणाऱ्याच्या सोयीने यायचे, खाणाऱ्याच्या भुकेप्रमाणे नाही.

आता वाराच्या पद्धतीचा तो गुण आठवा. मंगळवार म्हणजे मंगळवार. आपल्या आजच्या दानात वाढदिवस आहे, श्राद्ध आहे, सण आहे, फोटो आहे. साधा मंगळवार कुठेच नाही. पोर मात्र मंगळवारीही जेवते, आणि परीक्षा तर हमखास मंगळवारीच असते! आम्ही बँकेत याला स्थायी सूचना म्हणायचो. खातेदाराने एकदा सही करून ठेवायची, की दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक रक्कम आपोआप जावी. मग खातेदाराचा मूड विचारायचा नाही. वार लावणे म्हणजे आपल्या आजीची स्थायी सूचनाच होती. फक्त आजीने जात पाहिली. आपण जात न पाहता तीच सही करायची आहे.

म्हणून सभागृहाच्या विषयावर माझे म्हणणे थोडक्यात असे. आपण वसतिगृह काढायच्या फंदात पडू नये. ते आपले काम नाही, त्याला नोंदणी लागते, अधीक्षक लागतो, रात्रीची जबाबदारी असते. पण संध्याकाळचे तीन तास आपण देऊ शकतो. सभागृह संध्याकाळी रिकामेच असते. लग्नाच्या तिथी सोडल्या तर तिथे पंखे आणि खुर्च्यांशिवाय कोणी नसते.

आकडे मांडतो, सवयच आहे. आपली घरे ४२. आठवड्याच्या सहा संध्याकाळी, रविवार सुट्टी. एका संध्याकाळी एका घराने पाळी घेतली, तर प्रत्येक घराची पाळी सात आठवड्यांनी एकदा येते. म्हणजे वर्षातून सात संध्याकाळी. सातच! पाळीवाल्या घरातल्या कोणीतरी सहा ते नऊ सभागृहात बसायचे. शिकवता आले तर शिकवा, नाही तर नुसते पेपर वाचत बसा. मोठे माणूस शांतपणे बसलेले आहे, एवढ्यानेही पोर पुस्तक उघडते. खर्चाचे म्हणाल तर, समजा वीस मुले धरली, प्रत्येकी रोज आठ रुपयांचे फुटाणे, गूळ-शेंगदाणे, केळे, महिन्याचे पंचवीस दिवस. झाले चार हजार. प्रत्येक घराने महिन्याला शंभर रुपये दिले तर जमतात ४,२००. वरचे दोनशे खडू आणि दिव्यासाठी. विजेचे बिल संस्थेने सोसावे.

जे सभासद विरोधात आहेत त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांचे प्रश्न खरे आहेत. गोंगाट होईल का? होईल, थोडा. आपल्या नातवंडांचाही होतो. स्वच्छता? झाडू मुलांच्या हाती द्या, भाऊरावांच्या बोर्डिंगात तेच होते, मात्र आपलीही मुले त्याच पाळीत झाडू घेतील, ही अट. सुरक्षितता? हा प्रश्न तर सगळ्यात रास्त आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. ती मुले आपल्या जबाबदारीवर येणार. म्हणून पाळीच्या घराबरोबर आणखी एक मोठे माणूस हवेच, दोघांपैकी एक बाई हवी. दार उघडे राहील. हजेरीवही राहील. नऊ वाजता पालक येऊन नेतील. कोणी कोणत्याही मुलाला आपल्या घरी एकटे नेणार नाही. आणि मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. कुणाचेच पोर आपल्या पुण्याईची जाहिरात नाही.

एका ज्येष्ठ सभासदाने मला विचारले, "आपल्या मुलांबरोबर ती मुले बसतील का?" मी म्हणालो, आपली मुले त्यांच्याबरोबर बसतील का, ते आधी विचारा. खाणीत उतरताना पाळणा एकच असतो आणि त्यात कोण कोणाच्या शेजारी उभे आहे ते कोणी विचारत नाही. तुम्हीच मला हे सांगितले आहे, मी तर आयुष्यभर काउंटरच्या आत बसलेला माणूस.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे मिळून ही संस्था उभी केली. ती कशी उभी राहिली? कोणी एकाने मोठी देणगी दिली म्हणून नाही. दर महिन्याला प्रत्येकाने हप्ता भरला म्हणून. ज्या महिन्यात पगार लांबला त्या महिन्यातही भरला. हप्ता भरण्याची ती सवय हीच आपल्या संस्थेची खरी ठेव आहे. ती ठेव आता थोडी भिंतीपलीकडे वापरावी, एवढेच माझे मागणे आहे.

सर्वसाधारण सभेत मत काय द्यायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. होकार दिलात तर मला एक वही आणून द्या. तिच्यात सहा वार लिहू आणि प्रत्येक वारासमोर सात घरांचे नंबर. मंगळवारची पहिली पाळी मी माझ्या नावावर आत्ताच टाकून ठेवतो. गणित अजून येते. इंग्रजीसाठी मात्र कोणी तरी दुसरे पाहा.

सचिवांनी घड्याळ दाखवले आहे. वीसची पंचवीस मिनिटे झाली, तेवढे जास्तीचे व्याज समजून चालवून घ्या. संस्थेला आणि तुम्हा सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.